कार्यक्रमांच्या यादीत नवशिक्यांसाठी चार ओळी हव्यात

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

शहरातल्या कार्यक्रमांची यादी आपण नियमाने छापता. पोहण्याचे वर्ग, चढाईची भिंत, वक्तृत्व मंडळ, रेखाटनाची भटकंती, नाट्य कार्यशाळा असे बरेच काही त्यात असते. नाव, वेळ, पत्ता आणि फोन नंबर दिलेला असतो. ज्याला ती गोष्ट आधीपासून येते त्याचे तेवढ्यावर भागते. जो आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाऊल टाकणार आहे त्याचे भागत नाही, आणि कम्फर्ट झोन सोडा असा सल्ला पुरवण्यांमधून सगळे देतात तो नेमका ह्याच माणसाला. आम्ही मोठ्या वयाच्या नवशिक्यांना वेगवेगळ्या गोष्टी शिकवतो. लोक दारातून मागे फिरतात किंवा दुसऱ्या तासानंतर दिसेनासे होतात, तेव्हा त्यांच्यात हिंमत नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. आत गेल्यावर काय होणार हे त्यांना कोणी सांगितलेले नसते आणि पहिली निवड मापाबाहेरची झालेली असते. हे दोन्ही सुधारता येते, म्हणून हे पत्र.

आधी मापाचे. 'नवीन काहीतरी करणे' ही एकच गोष्ट वाटते, पण तिच्यात पाच वेगवेगळे नवेपण असतात. जागा नवी, माणसे नवी, कौशल्य नवे, शरीराला पडणारा ताण नवा आणि आपल्याकडे कोणीतरी बघते आहे हेही नवे. सरावलेल्या गटाच्या नृत्यवर्गात एकट्याने जाऊन उभे राहिले की पाचही एकदम अंगावर येतात. सुरुवातीला दोनच गोष्टी नव्या ठेवाव्यात. ओळखीच्या जागेत, ओळखीच्या माणसांबरोबर नवे कौशल्य आणि नवा ताण चालेल. किंवा येत असलेलीच गोष्ट, पण अनोळखी गटात. महिनाभराने तिसरी जोडावी.

ह्यामागे जुने निरीक्षण आहे. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी उंदरांना पांढरी आणि काळी पेटी ओळखायला शिकवले. चुकले की विजेचा झटका बसे. दोन पेट्यांमधला फरक ठळक होता तेव्हा झटका वाढवला तसे उंदीर लवकर शिकले. फरक ओळखणे अवघड केल्यावर मात्र जोराच्या झटक्याने शिकणे रखडले आणि मध्यम झटक्यालाच ते सगळ्यांत लवकर झाले. वर्गात आम्हाला हेच दिसते. कौशल्य जितके अवघड, तितका बाकीचा ताण कमी ठेवावा लागतो. 'एकदम उडी मार, मग येईल' हा सल्ला सोप्या गोष्टींना लागू पडतो. पोहण्याला तो अजिबात लागू पडत नाही.

पोहण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मोठ्या वयात शिकायला येणारे सर्वांत जास्त घाबरतात ते इथे, आणि भीतीचे कारण बहुतेकांना चुकीचे सांगितलेले असते. पाण्यात जीव गुदमरतो तो हवा संपली म्हणून, असे वाटते. प्रत्यक्षात श्वास घ्यायची अनावर ऊर्मी मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे येते. नवशिका तोंड पाण्यात घालताना छाती भरून श्वास घेतो आणि तो कोंडून धरतो. मग डोके वर काढल्यावर त्याला अर्ध्या सेकंदात आतली हवा सोडायचीही असते आणि नवी घ्यायचीही असते. ते जमत नाही, पाणी नाकात जाते आणि तो ठसकतो. म्हणून पहिला तास फक्त श्वास सोडण्याचा. छातीइतक्या पाण्यात, काठ धरून उभे राहायचे. तोंडाने श्वास घ्यायचा, चेहरा पाण्यात बुडवायचा आणि नाकातून 'हूंऽऽ' करत चार अंक मोजेपर्यंत बुडबुडे सोडायचे. तोंड वर, श्वास आत, पुन्हा खाली. असे दहा वेळा, मध्ये थांबून तीन फेऱ्या. कंटाळवाणे आहे, पण हे पक्के झाले की पुढचे भराभर होते. एक खबरदारी मात्र कायम घ्यावी. पाण्याखाली जाण्याआधी जोरजोरात भराभर श्वास घेऊ नयेत. त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होतो, धोक्याची सूचना उशिरा मिळते आणि पाण्याखालीच शुद्ध हरपू शकते.

दुसरी चूक शिकवणाऱ्यांची. तरंगायला आधी शिकवतात आणि तरंगता तरंगता पुन्हा उभे कसे राहायचे हे सांगायचे राहून जाते. पालथे तरंगणारा माणूस घाबरला की पहिल्यांदा डोके उचलतो. डोके वर आले की पाय खाली जातात, पण तळ नीट लागत नाही, आणि मग हातपाय मारणे सुरू होते. आधी उभे राहणे शिकवावे. गुडघे पोटाशी ओढायचे, दोन्ही तळहातांनी पाणी खाली दाबायचे, पावले खाली आली की तळावर टेकवायची आणि डोके सगळ्यांत शेवटी उचलायचे. हा क्रम पाच-सहा वेळा काठाजवळ करून घेतला की भीती बरीचशी उतरते, कारण परतीची वाट माहीत झालेली असते.

आम्ही शिकवतो त्या प्रत्येक गोष्टीत ही 'परतीची वाट' हाच पहिला धडा असतो. चढाईच्या भिंतीवर ती म्हणजे पडणे. दोर न बांधता चढायच्या भिंती साधारण चार-साडेचार मीटर उंच असतात आणि खाली जाड गाद्या असतात. पडताना नवशिक्याचा हात आपोआप मागे जातो आणि सगळे वजन मनगटावर येऊन ते मोडू शकते. म्हणून हात छातीशी घ्यायचे, दोन्ही पायांवर, गुडघे मऊ ठेवून उतरायचे आणि तसेच मागे पाठीवर लोळायचे. आधी जमिनीवरून, मग अर्ध्या मीटरवरून, मग एक मीटरवरून. दोराच्या भिंतीवर चढणाऱ्याने आपली आठाची गाठ आणि हार्नेसचे (कमरेला बांधायच्या पट्ट्याचे) बक्कल दुसऱ्याला दाखवायचे आणि दोर सांभाळणाऱ्याने आपले कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) बंद असल्याचे दाखवायचे. दोघांनी एकमेकांचे साहित्य हात लावून तपासल्याशिवाय कोणीही पाय जमिनीवरून उचलू नये. कितीही अनुभव असला तरी हे सोडायचे नाही.

चढाई न जमण्याचे कारण हातात ताकद नसणे, असा समज आहे. खरे तर नवशिके होल्ड, म्हणजे भिंतीवरच्या पकडायच्या खुंट्या, गरजेपेक्षा फार घट्ट धरतात आणि कोपर वाकवून लटकतात. आवळलेल्या स्नायूंतून रक्त नीट फिरत नाही, पंधरा-वीस मिनिटांत हात भरून येतात आणि बोटे उघडेनाशी होतात. कोपर सरळ ठेवावे, म्हणजे वजन स्नायूंऐवजी हाडांवर टांगले जाते. होल्डवर पायाच्या तळव्याचा मध्य न ठेवता अंगठ्याजवळचा भाग ठेवावा, म्हणजे पाऊल जागच्या जागी वळवता येते. कंबर भिंतीला चिकटवून पायांनी वर ढकलावे. नखे कापलेली असावीत आणि बोटांत अंगठी नसावी. होल्डमध्ये अंगठी अडकली आणि पाय सुटला, तर बोटाला फार वाईट इजा होते.

बोलण्याच्या मंडळात शरीराला धोका नसतो, तरी अनेकांना भिंत चढणे परवडते आणि उभे राहून दोन मिनिटे बोलणे नको होते. १९२४ साली राल्फ स्मेडली यांनी अमेरिकेत सुरू केलेल्या टोस्टमास्टर्स या वक्तृत्व मंडळांची पद्धत ह्या बाबतीत विचारपूर्वक बेतलेली आहे. पाहुणा म्हणून नुसते ऐकत बसता येते. आयत्या वेळी दिलेल्या विषयावर बोलायचे ते एक ते दोन मिनिटे. पहिले तयारीचे भाषण चार ते सहा मिनिटांचे आणि विषय आपण स्वतःच, म्हणजे माहिती जमवण्याचा ताण नाही. वेळ हिरव्या, पिवळ्या आणि लाल दिव्याने कळते, त्यामुळे थांबायचे कधी ही काळजी दुसऱ्यावर सोपवलेली असते. कोणतेही मंडळ असो, नवख्याने पहिल्या खेपेला बोलण्यापेक्षा वेळ मोजण्याचे काम मागून घ्यावे. आपण त्या खोलीत उपयोगाचे आहोत हे लगेच कळते आणि दोन वाक्ये बोलावीही लागतात.

भाषण पाठ करणे ही इथली मोठी चूक. एक शब्द निसटला की साखळी तुटते आणि माणूस आढ्याकडे बघू लागतो. पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे एक तेवढे पाठ करावे, मधल्या भागासाठी तीन मुद्दे पुरेत. पहिल्या मिनिटात छातीचे ठोके सर्वांत जास्त असतात, तेवढा काळ पाठ वाक्यांवर निघून जातो. मुद्दे पातळ कागदावर लिहू नयेत. हात जरासा थरथरला तरी कागद फडफडतो, ते आपल्याला ऐकू येते आणि थरथर आणखी वाढते. पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा हातात धरावा.

धावण्यात फसतात ते वेगामुळे. जोश क्लार्क यांनी १९९६ मध्ये तयार केलेला नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आजही सगळीकडे वापरला जातो, कारण त्याचा पहिला आठवडा कोणालाही झेपतो. पाच मिनिटे भरभर चालणे, मग ६० सेकंद हलके धावणे आणि ९० सेकंद चालणे, असे आलटून पालटून वीस मिनिटे. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. धावताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, मग तो कितीही कमी वाटो. तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखू लागलेल्यांशी बोलले की बहुधा एकच गोष्ट निघते. बरे वाटले म्हणून त्यांनी सुट्टीच्या दिवशीही धावून घेतलेले असते.

ज्यांना शरीराचा ताणही नको आणि व्यासपीठही नको, त्यांना आम्ही रस्त्यावर बसून रेखाटन करायला सुचवतो. गॅब्रिएल कॅम्पनारिओ यांनी २००७ मध्ये सिएटलमध्ये सुरू केलेली अर्बन स्केचर्सची चळवळ आज अनेक देशांत आहे. गट नसला तरी एकट्याने हे जमते. पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराची वही, न पसरणाऱ्या शाईचे एक पेन आणि वीस मिनिटे. खोडरबर घरी ठेवावे, तो हातात असला की वीस मिनिटांत एकच खिडकी काढून होते. पाठ भिंतीला टेकवून बसावे, म्हणजे कोणी खांद्यावरून डोकावत नाही. आधी सगळ्यांत मोठा आकार, मग आकाश आणि इमारत जिथे भेटते ती कड, मग सावल्या आणि बारकावे शेवटी. खिडक्या मोजत बसणाऱ्याचे चित्र पानाबाहेर जाते. रोज ज्या चौकातून जातो तिथेच हे करावे. जागा नवी नाही, माणसे नवी नाहीत, फक्त कौशल्य आणि उघड्यावर बसणे नवे. दोनाच्या मापात बरोबर बसते.

'लोक बघतील' ह्या भीतीबद्दल एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली तो प्रसिद्ध केला. घालायला लाज वाटेल असे चित्र छापलेला टी-शर्ट देऊन त्यांनी विद्यार्थ्यांना इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले. साधारण निम्म्यांच्या लक्षात आले असेल असे घालणाऱ्यांना वाटले. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आले होते. नृत्यवर्गात ह्याच भीतीने लोक शेवटची ओळ पकडतात. गुरूंनी 'आता मागे वळा' म्हटले की तीच ओळ पहिली होते आणि समोर बघायला कोणी उरत नाही. मधली ओळ घ्यावी, म्हणजे कोणत्याही दिशेला वळले तरी पुढे कोणीतरी असते.

आता गळतीचे. पहिल्या तासाला नवलाई असते. दुसरा सर्वांत कठीण, कारण नवलाई ओसरलेली असते, हाती काही आलेले नसते आणि अंगही दुखत असते. न सरावलेल्या स्नायूंचे दुखणे व्यायामानंतर २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असते. दुसरा तास नेमका त्या काळात आला तर 'हे माझ्यासाठी नाही' असा निष्कर्ष निघतो. दुसरा तास चार ते सात दिवसांनी ठेवावा. त्याच हालचालींनी पुढच्या वेळी दुखणे बरेच कमी होते, आणि हे आधी सांगितले तर लोक टिकतात. आम्ही नवशिक्यांना चार तासांचा शब्द मागतो. चौथ्या तासापर्यंत दोन माणसांची नावे माहीत होतात, चपला कुठे काढायच्या हे विचारावे लागत नाही आणि निदान एक गोष्ट न आठवता हातून होते. त्यानंतर सोडले तर ते कळून सवरून सोडणे असते. सवय लागायला मात्र चार तास पुरणार नाहीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात एखादी रोजची कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हे त्यातले सर्वांत उपयोगी. एक खाडा झाला म्हणून नाव काढून घेणारे बरेच असतात.

मैत्रिणीला किंवा मित्राला बरोबर घ्यावे का, असे सगळे विचारतात. बघायला जाताना जरूर घ्यावे. नाव नोंदवताना शक्यतो नको. दोघे आले की एकमेकांशीच बोलतात, जोड्या करताना वेगळे होत नाहीत, आणि एकाला काम निघाले की दुसऱ्याचाही तास बुडतो.

बघायला जाणे ही पायरी तर कोणी गाळू नये. वीस मिनिटे पुरतात. दार कोणते, कपडे कुठे बदलतात, लोक काय घालून आले आहेत, चुकणाऱ्याकडे शिक्षक कसे बघतात, एवढे डोळ्यांनी पाहिले की रात्रीची निम्मी धास्ती जाते. फोनवर विचारायचे ते असे: एका शिक्षकामागे किती जण? गेल्या महिन्यात अगदी नवीन किती आले? एक तास चुकला तर पुढच्या तासाला जोडून घेता येते का? ह्या प्रश्नांना जिथे नीट उत्तर मिळत नाही तिथे नवशिक्याने जाऊ नये. चार तास होईपर्यंत साहित्य विकत घेऊ नये, भाड्याने किंवा उसने घ्यावे. अपवाद पोहण्याच्या चष्म्याचा आणि धावण्याच्या बुटांचा, कारण ते ज्याचे त्याला मापात बसावे लागतात. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह किंवा सांध्यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच शरीराचे काम सुरू करावे. हात थरथरणे, घसा कोरडा पडणे ही भीती आहे, तिच्यासकट पुढे जाता येते. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, भोवळ, हे दिसले की तिथल्या तिथे थांबून मदत मागायची.

आमच्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती. 'आज नवीन कोण आहे, हात वर करा' हे बंद करावे. दहा मिनिटे आधी दारात उभे राहून नावाने बोलवावे आणि दोन महिन्यांपूर्वी नवीन असलेल्या माणसाच्या जोडीला द्यावे. वर्गातल्या सर्वांत तयार माणसाच्या जोडीला देऊ नये. त्याला आपण कसे अडलो होतो हे आठवत नसते.

संपादक महोदय, यादीची जागा मोजकी असते हे आम्ही जाणतो. तरी आयोजकांकडून माहिती मागवतानाच काही प्रश्न विचारून त्यांची उत्तरे छापता येतील. नवशिक्यांची तुकडी वेगळी आहे का, एकट्याने आले तर चालते का, काय आणायचे आणि काय तिथे मिळते, पहिल्या तासात नेमके काय करतात, आधी येऊन बघता येते का, मधूनच निघता येते का, आणि ज्याला जिना चढता येत नाही तो आत पोहोचू शकतो का. छापून आल्यावर ती नोंद साधारण अशी दिसेल:

'चढाईची भिंत. नवशिक्यांची वेगळी तुकडी, एका प्रशिक्षकामागे सहा जण. एकटे आलात तरी जोडीदार मिळेल. बूट आणि हार्नेस तिथेच. नखे कापून, अंगठ्या काढून या. पहिला तास फक्त पडायला शिकण्याचा. आदल्या आठवड्यात येऊन बघता येईल. मध्येच निघालात तरी चालेल. एक मजला जिना, लिफ्ट नाही.'

आपले,
नवशिक्यांच्या तुकड्यांना शिकवणारे काही प्रशिक्षक